मोठी अॅल्युमिनियमची सूटकेस: पत्रा नंतर बघा, आधी चौकट, खटके आणि चाकं

प्रश्न थोडक्यात असा: महिन्याला दोन-तीन देशांतर्गत फेऱ्या, वर्षातून दोनदा अमेरिका. प्लास्टिकच्या दोन मोठ्या बॅगा कोपऱ्यातून तडकल्या. आता अॅल्युमिनियमची मोठी सूटकेस घेतली तर दहा वर्षं टिकेल का, आणि घेताना काय पाहायचं?

टिकेल, पण नवी कोरी राहणार नाही. अॅल्युमिनियमला पोचा पडतो, आणि तो बहुधा पहिल्या-दुसऱ्या फेरीतच पडतो. पॉलिकार्बोनेट, म्हणजे टणक बॅगांचं प्लास्टिक, दाबलं की आत जातं, सोडलं की परत येतं. असं शेकडो वेळा होतं आणि एक दिवस कोपरा तडकतो. अॅल्युमिनियम वाकतं ते वाकलेलंच राहतं, पण फुटत नाही. आपल्याकडे अॅल्युमिनियमच्या भांड्यांना ‘जर्मनची भांडी’ म्हणतात. घरातलं जर्मनचं जुनं पातेलं आठवा: दहा ठिकाणी चेपलेलं, तरी दूध तापवायला रोज चुलीवर. सूटकेसचंही तेच होणार. पोचे बघून जीव खालीवर होत असेल, तर हा नाद सोडून चांगलं पॉलिकार्बोनेट घ्यावं.

योगायोग असा, की या प्रकारच्या पेट्या प्रसिद्ध केल्या त्या खरोखरच जर्मनांनी. कोलोनच्या रिमोवाने १९३७ मध्ये अॅल्युमिनियमची पहिली पेटी काढली आणि १९५० मध्ये तिच्यावर पन्हळी आणल्या. युंकर्स कंपनीच्या विमानांच्या पन्हळी पत्र्यावरून ती कल्पना घेतली होती. अमेरिकेत १९३८ मध्ये अर्ल हॅलिबर्टन या तेल व्यावसायिकाने अशीच पेटी बनवून घेतली, कारण तेलविहिरींच्या रस्त्यांवरची धूळ आणि धक्के कातडी बॅगांना सोसत नव्हते. दोन्हीकडे मूळ गरज एकच होती: बाहेरून कितीही मार बसो, आतलं सामान शाबूत राहावं. पेटी देखणी राहावी ही मागणी बरीच नंतर आली.

पत्र्याकडे वळण्याआधी वजनाचा हिशेब करा, कारण बहुतेकांचा निर्णय इथेच बदलतो. साधारण ७९ × ५१ × २७ सेंटिमीटरच्या पेटीचा एकूण पृष्ठभाग दीड चौरस मीटर होतो. १ मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा लावला तर नुसता पत्राच चार किलोंचा भरतो. जाडी ०.१ मिलिमीटरने वाढली की साधारण ४०० ग्रॅम वाढतात. त्यावर चौकट, चाकं, दांडा, खटके आणि अस्तर मिळून दोन ते तीन किलो. म्हणजे मोठी, खरी अॅल्युमिनियमची पेटी रिकामीच सहा ते सात किलोंची असणार. त्याच मापाची पॉलिकार्बोनेटची चार ते पाच किलोंत बसते. ‘पूर्ण अॅल्युमिनियम, ३० इंची, फक्त साडेचार किलो’ अशी जाहिरात दिसली तर एकतर पत्रा फार पातळ आहे किंवा तो अॅल्युमिनियमचा नाहीच.

आता हे आकडे तिकिटाशी ताडून बघा. देशांतर्गत इकॉनॉमीत बहुतेक तिकिटांवर १५ किलो सामान मिळतं. सात किलोंच्या पेटीत तुमचं सामान फक्त आठ किलो. हा व्यवहार वेडेपणाचा आहे. अमेरिकेच्या तिकिटावर सहसा २३ किलोंचे दोन नग मिळतात, तिथे सोळा किलो सामान बसतं. बिझनेस क्लासमध्ये ३२ किलोंचा नग मिळतो, तिथे तर ही पेटी शोभून दिसते. ३२ किलो ही एका नगाची वरची मर्यादा आहे, उचलणाऱ्या माणसांच्या कमरेसाठी ठेवलेली. जास्तीचे पैसे भरले तरी ती सहसा ओलांडता येत नाही. त्यामुळे तुमच्या बाबतीत मत स्पष्ट आहे: महिन्याच्या फेऱ्यांसाठी २४-२५ इंची हलकी बॅग वेगळी ठेवा आणि मोठी अॅल्युमिनियमची पेटी अमेरिकेसाठीच वापरा. एकाच पेटीत दोन्ही कामं बसवायला गेलात तर दर महिन्याला काउंटरवर दंड भराल.

मापातही एक फसवणूक असते, बऱ्याचदा नकळत झालेली. विमान कंपन्या लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीज १५८ सेंटिमीटर, म्हणजे ६२ इंच धरतात, आणि त्यात चाकं व मुठी धरूनच. दुकानदार ‘२८ इंची’ म्हणतो ते अनेकदा चाकांशिवायचं माप असतं. टेप घेऊन जमिनीपासून वरच्या मुठीपर्यंत स्वतः मोजा. ट्रंकेसारख्या उभट, खोल पेट्या दिसायला झकास असतात, पण त्यांतल्या काही १५८ च्या वर जातात. नेहमीच्या प्रवाशाने १५५ ते १५८ मधलीच घ्यावी.

पत्र्याबद्दल बोलायचं तर ‘एरोस्पेस ग्रेड’ या शब्दांना काडीचा अर्थ नाही. चांगल्या पेट्यांना मॅग्नेशियम मिसळलेला मिश्रधातू वापरतात. ५०५२ हा नेहमीचा, त्यात अडीच टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम असतं. तो खाऱ्या हवेत टिकतो आणि वाकवताना फाटत नाही. विमानांत वापरतात ते तांबेमिश्रित अॅल्युमिनियम जास्त कणखर असलं तरी लवकर गंजतं, म्हणजे पेटीला तेच हवं असंही नाही. जाडी ०.८ की १ मिलिमीटर हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १ मिलिमीटरचा पत्रा ०.८ च्या जवळजवळ दुप्पट ताठ असतो. पन्हळींचं कामही हेच: पत्रा जाड न करता त्याला खोली द्यायची. अगदी सपाट, आरशासारखी पेटी अंगठ्याने दाबली की डब्याच्या झाकणासारखी ‘टक’ करून आत जाते आणि बाहेर येते. ती घेऊ नका. शिवाय सपाट पृष्ठभागावर प्रत्येक पोचा लांबून दिसतो, पन्हळीत तो निम्मा लपतो.

रंगीत पेटीत रंग कसा चढवलाय ते विचारा. अॅनोडायझिंगमध्ये पत्र्याच्याच वरच्या थराचं कठीण ऑक्साइड होतं आणि रंग त्या थरात मुरतो, म्हणून त्याचे पापुद्रे निघत नाहीत. नुसता फवारलेला रंग विमानतळाच्या सरकत्या पट्ट्यावर घासून कोपऱ्यांवरून उडतो. अॅनोडायझिंगवर खोल ओरखडा गेला तर मात्र तेवढीच जागा परत रंगवता येत नाही. यासाठीच नेहमीच्या प्रवाशाने चंदेरी रंग घ्यावा. काळ्यावरचा पांढरा ओरखडा दहा फुटांवरून दिसतो.

आणखी एक सावधगिरी. ‘अॅल्युमिनियम फ्रेम सूटकेस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक पेट्यांत चौकट तेवढी अॅल्युमिनियमची असते, अंग पॉलिकार्बोनेटचं किंवा एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकचं. त्या वाईट नसतात, पण तुम्ही मागताय ती वस्तू ती नव्हे. खरं अॅल्युमिनियम हाताला गार लागतं आणि वाजवलं की धातूचा आवाज येतो. लोहचुंबक अॅल्युमिनियमला चिकटत नाही, प्लास्टिकलाही नाही, त्यामुळे अंग ओळखायला त्याचा उपयोग नाही. तरी तो खिशात ठेवाच: कोपरे, रिव्हेट आणि बिजागऱ्यांना घट्ट चिकटला तर ते भाग साध्या लोखंडाचे आहेत. मुंबई, रत्नागिरी, गोव्याच्या हवेत ते गंजतील आणि त्यांच्याभोवतीचं अॅल्युमिनियमही पांढरी पूड होऊन झिजेल.

आता खऱ्या मुद्द्याकडे. अॅल्युमिनियमची पेटी पत्र्यामुळे बाद होत नाही, ती चौकट पिळल्यामुळे बाद होते. ३० किलोंची पेटी एक मीटरवरून एका कोपऱ्यावर पडली आणि तो कोपरा एक सेंटिमीटर चेपून थांबला, तर त्या क्षणी त्यावर सरासरी तीन टन वजनाएवढा जोर येतो. ७३७ सारख्या अरुंद विमानात बॅगा पोटात सुट्या रचतात, लोडर गुडघ्यांवर बसून त्या आत ढकलतो, आणि तुमच्या पेटीवर दुसऱ्याची टणक पेटी कोपऱ्यावर येते. असा धक्का चौकटीपर्यंत गेला की दोन अर्धी एकमेकांवर नीट बसत नाहीत, खटक्याचा आकडा दोन मिलिमीटर बाजूला जातो, आणि पेटी गुडघ्याने दाबून बंद करायची पाळी येते. चौकट एकसंध, जाड घडणीची हवी. एका अर्ध्याची कड दुसऱ्याच्या खाचेत बसणारी हवी आणि खाचेत रबराची पट्टी हवी. मुंबईच्या जुलैत बॅगांची गाडी विमानाशेजारी भर पावसात उभी असते, तेव्हा ही रबरी पट्टी कपडे कोरडे ठेवते. चेनच्या बॅगेत हे सुख नाही. चेन नसल्याचा दुसरा फायदा चोरीचा: चेनचे दात बॉलपेनच्या टोकाने उचकटता येतात आणि कुलूप न उघडता परत बंदही करता येतात. चौकटीच्या पेटीला असं करता येत नाही.

कोपऱ्यांवर वेगळे, रिव्हेट मारलेले धातूचे टोप असतील तर उत्तम. कोपरा चेपला तर नुसता टोप बदलता येतो. कोपरा ओढून घडवलेला, सलग असेल तर तिथला पत्रा आधीच ताणलेला असतो. दोन-तीनदा आत-बाहेर झाला की अॅल्युमिनियम कडक होऊन तिथे बारीक चीर पडते.

दुकानात पेटी रिकामी, बंद करून जमिनीवर आडवी ठेवा. एका कोपऱ्याखाली जाड पुस्तक सरकवा, समोरच्या कोपऱ्यावर हाताने भार द्या आणि त्याच स्थितीत खटके उघडून परत लावा. सहज लागले तर चौकट ताठ आहे. अडकले, तर भरलेल्या पेटीत दहा विमानांनंतर काय होईल ते कळलंच. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.

खटके दोन असतात, काहींना तीन. आकडा ओतीव धातूचा आणि जाड असावा, पातळ पट्टी वाकवून केलेला नको. प्रत्येक खटक्यावर टीएसए (अमेरिकी विमानतळांची सुरक्षा यंत्रणा) कुलूप असतं. त्यावर ‘००२’ किंवा ‘००७’ लिहिलेलं दिसतं, तो अमेरिकी तपासनीसाच्या चावीचा क्रमांक. आकड्यांच्या कुलपावरचं ते किल्लीचं भोक तुमच्यासाठी नसतं, त्यामुळे ‘चावी मिळाली नाही’ म्हणून दुकानात भांडू नका. या मास्टर चाव्यांचे त्रिमितीय आराखडे २०१५ पासून इंटरनेटवर आहेत. म्हणजे हे कुलूप तपासणीच्या सोयीसाठी आहे, तिजोरीसाठी नव्हे. दागिने नेहमीसारखे हातातल्या बॅगेतच. नेहमीची तक्रार म्हणजे ‘नंबर आपोआप बदलला’. तो आपोआप बदलत नाही. नंबर बसवायची बारीक कळ दाबलेली राहते, त्यात आकड्यांची चाकं फिरतात आणि नवा नंबर बसतो. तीन आकडी कुलपाला हजार जोड्या असतात. तीन सेकंदांना एक धरली तर जास्तीत जास्त ५० मिनिटांत उघडतं. पत्रा तोडण्याआधी शांतपणे ०००पासून सुरू करा.

चाकं. चार जोडचाकं, पाच-सहा सेंटिमीटर व्यासाची, आत गोट्यांची बेअरिंग, हे सगळं ठीक. पण बघायचं ते आतून. अस्तराची चेन उघडा (नसेल तर पेटीच घेऊ नका, कारण पोचा आतून काढायला वाटच राहत नाही) आणि चाकाच्या घराला आतल्या बाजूने धातूची किंवा जाड प्लास्टिकची आधारपट्टी आहे का बघा. पट्टीशिवाय स्क्रू थेट एक मिलिमीटरच्या पत्र्यात असतील तर सारा भार चार भोकांवर येतो, भोकं लांबट होतात आणि एक दिवस चाक घरासकट निघतं. दुसरी गोष्ट: चाक स्क्रूने बसवलंय की रिव्हेटने? स्क्रूचं चाक घरी दहा मिनिटांत बदलता येतं. रिव्हेटचं काढायला ड्रिल लागतं.

चाकावरचा मऊ थर बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने त्याचं रसायन तुटतं आणि तो काही वर्षांत चुरा होतो, पेटी वापरली नाही तरीही. माळ्यावर चार पावसाळे काढलेली महागडी पेटी विमानतळावर पन्नास पावलांत काळ्या भुग्याची रांगोळी काढते ती यामुळेच. चाकं ही खर्ची पडणारी वस्तू समजा, टायरसारखी. घेतानाच एक जोडी जादा मागून ठेवा. सुटे भाग मिळत नसलेली कंपनी कितीही नावाजलेली असली तरी दहा वर्षांच्या गणितात बसत नाही. भारतात प्लास्टिकच्या बॅगांचा प्रश्न सोपा आहे, नाशिकच्या परिसरात व्हीआयपी आणि सॅमसोनाइट दोघांचे कारखाने आहेत, सुटे भाग गल्लीत मिळतात. अॅल्युमिनियमच्या पेटीचं तसं नाही. आपल्या शहरात दुरुस्ती होते का, की पेटी परदेशी पाठवावी लागते, हे पैसे देण्याआधी लेखी विचारा. रिमोवा जुलै २०२२ पासूनच्या सूटकेसना आजीवन हमी देते. ती चाक, दांडा, कुलूप यांच्या कामाची आहे, पोचे-ओरखड्यांची नाही. लाखाच्या पुढची किंमत मोजताना तुम्ही निम्मे पैसे या दुरुस्तीच्या सोयीचे देता. अॅल्युमिनियमचं तेवढंच चांगलं अंग निम्म्यात मिळतं, पण चाक तुटल्यावर विचारायला कोणी नसतं.

ओढायच्या दांड्याला थोडा हलता खेळ हवाच. अगदी घट्ट दांडा नळी जरा चेपली की अडकतो. पूर्ण भरलेली पेटी या दांड्याने कधी उचलू नका, जिन्यावरही नाही. त्यासाठी वरची आणि बाजूची मूठ आहे, आणि त्या मुठींनाही आतून आधारपट्टी हवी.

भरताना लक्षात ठेवा, ही पेटी एक इंचही फुगत नाही. दोन्ही अर्धी सपाट उघडतात, म्हणजे हॉटेलच्या खोलीत जवळजवळ चौरस मीटर जागा लागते. जड वस्तू चाकांच्या बाजूला ठेवा, आणि पोकळी ठेवू नका. आतून भरलेल्या पत्र्याला पोचा कमी पडतो, रिकाम्या पत्र्याला लगेच. उघडा, अॅनोडाइझ न केलेला पत्रा कपड्यांवर काळपट डाग सोडतो, म्हणून आतल्या कडेची रिव्हेट अस्तराने झाकलेली आहेत ना ते बघा. ट्रॅकर ठेवणार असाल तर तो मधोमध नको. धातू रेडिओ लहरी अडवतो. रबरी पट्टीच्या फटीला लागून ठेवला तर बरा चालतो. आणि घरी नेण्याची सोय आधी बघा: मुंबई-पुण्याच्या बऱ्याच टॅक्सींच्या डिकीत सीएनजीची टाकी असते, तिथे ही पेटी बसत नाही, टपावर जाते. दोरीखाली जाड चादर घाला. टपावरचा गज आणि दोरी मिळून जेवढे ओरखडे काढतात तेवढे विमानतळही काढत नाही.

धुण्याचा सोडा, भांड्यांची पावडर, चिंच, लिंबू यांतलं काहीही लावू नका. आम्ल आणि अल्कली दोन्ही वरचा ऑक्साइडचा थर खातात आणि पत्रा डागाळतो. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं, बस. स्टिकरचा चिकटा खोबरेल तेलाने सुटतो, नंतर साबणाचा हात फिरवा. जुने बारकोड मात्र प्रत्येक फेरीनंतर काढाच. यंत्राने चुकून जुना वाचला तर पेटी भलत्या पट्ट्यावर जाते.

पोचा काढायला गरम पाणी, हेअर ड्रायर हे उपाय प्लास्टिकचे. अॅल्युमिनियम त्याने हलत नाही. अस्तर उघडून आतून लाकडी ठोकळा लावायचा आणि रबरी हातोडीने पोच्याच्या कडेकडून मध्याकडे हलके ठोके द्यायचे. बाहेरून वाळूची पिशवी टेकवली तर पत्रा उलटा फुगत नाही. नव्वद टक्के सरळ झालं की थांबा. शेवटच्या दहा टक्क्यांच्या हट्टापायी चीर पडते. रिव्हेट निघालं तर जुनं ड्रिलने काढून त्याच मापाचं अॅल्युमिनियमचं पॉप रिव्हेट, आत वॉशर घालून मारावं. साधं पोलादी रिव्हेट मारू नका, कारण ओलाव्यात दोन धातूंमध्ये गंजाचा खेळ सुरू होतो.

आणि नुकसानभरपाई. काउंटरवर पेटी देण्याआधी चारही बाजूंचा फोटो काढा. परतल्यावर खटका, चाक किंवा चौकट मोडली असेल तर पट्ट्याजवळच्या काउंटरवर पीआयआर अहवाल (सामानाच्या नुकसानीची विमान कंपनीकडची नोंद) नोंदवा, विमानतळाबाहेर पडण्याआधीच. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल करारानुसार लेखी तक्रारीला सामान मिळाल्यापासून सात दिवस असतात, आणि २८ डिसेंबर २०२४ पासून जबाबदारीची कमाल मर्यादा दर प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. एवढे पैसे आपोआप मिळत नाहीत, प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करावं लागतं, म्हणून खरेदीची पावती जपा. पोच्यासाठी अर्ज केलात तर ‘नेहमीची झीज’ म्हणून परत येईल. अर्जात ‘पेटी चेपली’ असं लिहू नका. ‘चौकट पिळली, डावा खटका लागत नाही, पेटी बंद होत नाही’ असं लिहा आणि त्या खटक्याचा जवळून काढलेला फोटो जोडा.